‘भरधाव वेगाने, हयगयीने’: बातमीतल्या एका ओळीचा अर्थ

खान्देशातल्या कुठल्याही दैनिकाचं आतलं पान उघडा, एक ओळ हमखास सापडते. पारोळ्याजवळ, मुक्ताईनगरला, शिरपूर फाट्यावर, नाहीतर नवापूरच्या घाटात. गाव बदलतं, ओळ तीच राहते. ‘चालकाने ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून अपघातास कारणीभूत ठरला म्हणून भारतीय न्याय संहिता कलम १०६(१), १२५(अ), १२५(ब), २८१, मोटार वाहन कायदा कलम १८४, १३४, १८७ प्रमाणे गुन्हा दाखल.’

वाचणारा पुढच्या बातमीकडे जातो. ज्याच्या घरातला माणूस गेला किंवा ज्याच्या घरातला माणूस गाडी चालवत होता, त्याला मात्र हे आकडे पुढची पाच-सात वर्षं पाठ होतात.

ओळीतले दोन शब्द आधी पाहू. ‘हयगय’ म्हणजे जे भान ठेवायला हवं होतं ते न ठेवणं: आरशात न पाहता वळणं, रात्री टेल लाइटशिवाय ट्रॉली रस्त्यावर काढणं. ‘अविचार’ त्याच्या पुढची पायरी. धोका दिसत असतो, तरी माणूस ‘काही नई व्हत भो’ म्हणून घुसतो. समोरून बस येतेय हे दिसत असताना पुलावर ओव्हरटेक करणं हा अविचार. दोन्हींत मारण्याचा हेतू नसतो. त्यामुळे हा खून नाही, पण ‘चुकून झालं’ म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. बेदरकार वाहन चालवण्याचा सगळा कायदा या मधल्या पट्टीत बसतो.

एक चूक, तीन वह्या

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. शेतकऱ्याची उधारी आडत्याच्या वहीत वेगळी, विकास सोसायटीत वेगळी आणि बँकेत वेगळी असते. सोसायटीचं कर्ज फेडलं म्हणून आडत्या आपली वही फाडत नाही. अपघाताचंही तसंच आहे.

पहिली वही मोटार वाहन कायदा, १९८८ ची. यात चलन, दंड, परवाना येतो. अपघात झालाच पाहिजे असं नाही, नुसतं धोकादायक चालवणंही पुरेसं आहे. दुसरी वही फौजदारी गुन्ह्याची. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत लिहिली जाते. त्याआधीच्या घटनांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते, म्हणून कोर्टात आजही जुनी कलमं २७९ (बेदरकार चालवणं) आणि ३०४-अ (हयगयीने मृत्यू) ऐकू येतात. तिसरी वही भरपाईची. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालते आणि तिथे पैसे साधारणपणे विमा कंपनी देते.

‘मी तर दंड भरला, मग केस कसली?’ हा प्रश्न विचारणारा पहिल्या वहीची पावती दुसऱ्या दुकानात दाखवत असतो.

पहिली वही: कलम १८४

कायद्याच्या भाषेत ‘सार्वजनिक सुरक्षिततेस धोका होईल अशा वेगाने किंवा पद्धतीने’ वाहन चालवणं म्हणजे कलम १८४. हे ठरवताना रस्ता कसा आहे, तिथे काय चालतं आणि त्या वेळी किती वर्दळ आहे हे पाहावं लागतं. गाडीत बसलेल्यांना किंवा रस्त्यालगतच्या माणसांना धडकी भरवणारं चालवणंही यात येतं.

२०१९ च्या दुरुस्तीने यात ठळक गोष्टी नावानिशी घातल्या: लाल सिग्नल तोडणं, थांबण्याची खूण न पाळणं, हातात मोबाइल घेऊन चालवणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं. शेवटची गोष्ट आपल्याकडे कुणी गुन्हा मानतच नाही. महामार्ग चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, आणि ‘पुढच्या कटपर्यंत कोण जाईल’ म्हणून दुचाकी, रिक्षा, अगदी चाऱ्याने भरलेला ट्रॅक्टरसुद्धा राँग साइडने निघतो. पेट्रोल पंप ते गावाचा फाटा एवढंच अंतर असतं, पण समोरून येणाऱ्या गाडीला रात्री तुम्ही तिथे असाल ही शंकासुद्धा येत नाही.

शिक्षा अशी: पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ३ वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

जागेवर पैसे भरून मोकळं होण्याला कायद्यात ‘तडजोड’ म्हणतात. कलम २०० नुसार १८४ मधली फक्त मोबाइलची बाब अशी तडजोडीने मिटते. बाकी १८४ लागलं तर कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून चलन हातात आलं की रकमेआधी कलम वाचावं.

शेजारची कलमंही माहीत हवीत. नुसता वेग मर्यादेपलीकडे गेला तर कलम १८३: हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम-जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये. दारू पिऊन चालवणं कलम १८५: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९: ३ महिन्यांपर्यंत किंवा ५,००० रुपये.

आणि कलम १८८, जे मालकांनी वाचावं. बेदरकार चालवायला जो प्रवृत्त करतो त्यालाही चालकाइतकीच शिक्षा आहे. रावेर-यावलची केळी भरून ट्रक दिल्लीकडे निघतो तेव्हा ‘माल पिकून जाईल, कुठे थांबू नको’ असं फोनवर सांगणारा माणूस स्टिअरिंगवर नसतो. पण चालकाने तो फोन सिद्ध केला तर मालकही या कलमात येतो.

‘मी मर्यादेतच होतो’

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला ताशी १००, दुचाकीला आणि मालवाहू गाडीला ८० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. साध्या रस्त्यावर कारला ७०, दुचाकीला आणि ट्रकला ६०. राज्याला ती आणखी कमी करता येते, त्यामुळे फलकावरचा आकडा खरा.

पण मर्यादा हा परवाना नव्हे. आठवडे बाजाराच्या दिवशी गावातून ५० ने गाडी काढली तर मर्यादा पाळली, तरी १८४ लागू शकतं, कारण कायदा ‘त्या जागी, त्या वर्दळीत’ असं विचारतो. उलटंही खरं आहे. १९९८ साली कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साक्षीदाराने नुसतं ‘गाडी फार वेगात होती’ म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही. वेग म्हणजे किती, रस्ता कसा होता, गाडी कुठून कुठे गेली हे समोर यावं लागतं. अनेक खटले इथेच पडतात. फिर्यादीत ‘भरधाव’ लिहिलेलं असतं, पण टायर घासल्याच्या खुणा किती फूट, काचा कुठल्या बाजूला, गाडी शेवटी कुठे थांबली हे पंचनाम्यात आणि स्थळदर्शक नकाशात नीट आलेलं नसतं.

दुसरी वही: परिणामावर ठरणारं कलम

एकच चूक, तीच गाडी, तोच वेग. कुणाला काही लागलं नाही तर एक कलम, हाड मोडलं तर दुसरं, जीव गेला तर तिसरं. चालकाच्या वागण्यात फरक नसतो, फरक समोर कोण आलं त्यात असतो. हे न्याय्य आहे का यावर वाद घालता येईल, पण कायदा असाच आहे.

कलम २८१: सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहन चालवणं. कुणाला इजा नाही झाली तरी लागतं. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कलम १२५(अ): साधी दुखापत. ६ महिन्यांपर्यंत किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १२५(ब): गंभीर दुखापत. ३ वर्षांपर्यंत किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘गंभीर’ हा शब्द इथे डॉक्टरांच्या बोलण्यातला नाही, त्याची यादी कायद्यात आहे. हाड मोडणं, दात पडणं, डोळा किंवा कान निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना होणं किंवा नेहमीची कामं न करता येणं. म्हणजे मनगटाला बारीकसा तडा गेला तरी गंभीर, आणि खोल जखमेला दहा टाके पडले तरी बाकी काही नसेल तर साधी. वैद्यकीय दाखल्यावर काय लिहिलंय याला म्हणूनच इतकं महत्त्व.

कलम १०६(१): हयगयीने मृत्यू. ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या ३०४-अ मध्ये ‘२ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही’ होतं. वर्षं वाढली हे सगळ्यांना दिसतं. त्याहून मोठा बदल ‘किंवा’ गेला हा आहे. पूर्वी न्यायाधीश नुसता दंड लावून सोडू शकत होते, आता दोष सिद्ध झाला की कैद द्यावीच लागते, मग ती कितीही कमी दिवसांची असो.

‘माणूस मारला आणि संध्याकाळी घरी?’

अपघातानंतर गावात संताप उसळतो तो यावरून. १०६(१), १२५ आणि २८१ ही सगळी जामीनपात्र कलमं आहेत. जामीनपात्र म्हणजे जामीन मागणं हा आरोपीचा हक्क, पोलिसांची मेहेरबानी नव्हे. पोलीस ठाण्यातच तो मिळतो. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तर अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देण्याचीही पद्धत आहे. यात लगेच ‘सेटिंग’ शोधायचं कारण नाही. जामीन म्हणजे सुटका नव्हे, खटला चालायचाच असतो.

जामीन सहज मिळत नाही तो कलम १०५ मध्ये. हा सदोष मनुष्यवध. चालकाला आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव होती असं दिसलं तर हे लागतं. शिक्षा १० वर्षांपर्यंत आणि दंड, आणि खटला सत्र न्यायालयात. मे २०२४ मध्ये जळगावजवळ रामदेववाडीला कारच्या धडकेत चौघे गेले आणि त्याच महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोघांना उडवलं. दोन्हीकडे लोक एकच विचारत होते: ३०४-अ की ३०४ (तेव्हाचं सदोष मनुष्यवधाचं कलम)? प्रश्न नेमका होता, कारण तेव्हाच्या कायद्यात त्या एका अक्षरात २ वर्षं आणि १० वर्षं एवढा फरक होता. दारू, गर्दीची जागा, बेफाम वेग, आधी कुणी सावध केलेलं असणं, अशा गोष्टी एकत्र आल्या की न्यायालयं ‘जाणीव’ धरण्याकडे झुकतात. एकटा वेग सहसा पुरत नाही.

‘थांबलो तर लोक जिवंत सोडतील का?’

ट्रकचालकांचा हा प्रश्न खोटा नाही. कायद्यालाही तो माहीत आहे. कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं. जमावाच्या रागामुळे मदत करणं शक्य नसेल तर तेवढ्यापुरती सूट आहे, पण कळवण्याची नाही. जागेवरून निघून पुढच्या पोलीस ठाण्यात गाडी लावणारा आणि नंबर प्लेटला चिखल फासून गुजरातची हद्द गाठणारा, या दोघांना कायदा एका मापाने मोजत नाही. १३४ मोडल्याची शिक्षा कलम १८७ मध्ये: ६ महिन्यांपर्यंत किंवा ५,००० रुपये किंवा दोन्ही.

मग ते १० वर्षांचं काय, ज्यावरून जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला चालकांनी स्टिअरिंग सोडलं होतं आणि पंपांवर रांगा लागल्या होत्या? ते कलम १०६(२): मृत्यूला कारण ठरून न कळवता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत. संहिता लागू करताना केंद्राने अधिसूचनेत नेमकं हे पोटकलम वगळलं. ते पुस्तकात छापलेलं आहे, पण अमलात आणलेलं नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर ‘पळालात तर थेट १० वर्षं’ फिरत असलं तरी सध्या गुन्हा १०६(१) आणि १३४/१८७ खालीच नोंदतात.

‘ब्रेक फेल झाले, माझा काय दोष?’

जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरला घाट उतरून आलेला कंटेनर गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान १० जण गेले. तेव्हाही ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं गेलं. बिजासनचा उतार माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

पण ‘ब्रेक फेल’ म्हणजे आपोआप सुटका नव्हे. अपघातानंतर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. पाइप अचानक फुटला, लायनिंग झिजून पत्रा झालेली होती, की उतारावर न्यूट्रल टाकून पूर्ण भार ब्रेकवर दिल्याने ड्रम तापून पकड गेली, हे तपासणीत बरंचसं कळतं. पहिलं खरंच अचानक घडलेलं असेल तर चालकाच्या बाजूने जातं. दुसऱ्यात मालकही अडकतो. तिसरं तर सरळ चालकाचं काम: डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून, गिअर आणि इंजिनची मदत न घेता उतरणं. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने चालक क्लीनरला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

‘तोच आडवा आला’, ‘मिटवून घेतलं’

मेलेल्याची किंवा जखमीची चूक असेल तरी फौजदारी खटल्यात चालकाची हयगय पुसली जात नाही. चालकाची चूक मुळीच नसेल तर मात्र तो सुटतो. ‘मोठ्या गाडीचीच चूक धरायची’ असा कुठलाही कायदा नाही, ती रस्त्यावरची रीत आहे. भरपाईच्या दाव्यात चुकीची वाटणी होते. रात्री टेल लाइट नसलेल्या उभ्या कपाशीच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली, तर दोघांचा वाटा टक्क्यांत ठरतो आणि तितकी रक्कम कमी होते. रस्त्यात अशी गाडी उभी करणाऱ्यावर वेगळं कलम २८५ आहे, ५,००० रुपयांपर्यंत दंडाचं.

आपसात मिटवण्याचं म्हणाल तर १२५(अ) आणि (ब) जखमीच्या संमतीने, कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतात. २८१ आणि १०६ मिटवता येत नाहीत. चावडीवर पैसे देऊन, स्टँपवर लिहून घेऊन खटला संपत नाही. तो रद्द करायचा असेल तर उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं. मृत्यूच्या प्रकरणात तिथेही सहजासहजी ऐकलं जात नाही.

‘पोरगं हो, फक्त डेअरीपर्यंत गेलं होतं’

१८ वर्षांखालच्या मुलाने मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा केला तर कलम १९९-अ मुलाच्या बापाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतं: ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. गाडी त्यांच्याच संमतीने नेली असं कायदा गृहीत धरतो. ‘मला माहीत नव्हतं’ हे बापाने सिद्ध करायचं, पोलिसांनी नव्हे. किल्ली जर दाराच्या खुंटीलाच लटकत असेल तर कठीण आहे. पुण्यात अल्पवयीन आरोपीला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर खूप चर्चा झाली, कलम १९९-अ वर त्या मानाने कमी. खेड्यापाड्यांत रोज लागू होण्यासारखं आहे ते हेच.

परवाना

१८३, १८४, १८५ सारख्या गुन्ह्यांत पोलीस परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या निर्देशांप्रमाणे अतिवेग, सिग्नल तोडणं, मोबाइल, मद्यपान यांसाठी किमान ३ महिने निलंबन अपेक्षित आहे. पोटासाठी टेम्पो चालवणाऱ्याला ५,००० च्या दंडापेक्षा हे ३ महिने जड जातात. निलंबनाच्या काळात गाडी चालवणं हा पुन्हा वेगळा गुन्हा.

एक बारकावा वकीलही कधी विसरतात. अपघात झालेला नसताना १८३ किंवा १८४ खाली शिक्षा द्यायची तर चालकाला जागेवरच खटल्याची ताकीद दिलेली असावी, किंवा १४ दिवसांत नोंदणीकृत टपालाने नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स गेलेलं असावं (कलम २०९). अपघात झाला असेल तर ही सोय नाही.

तिसरी वही: भरपाई

फौजदारी खटल्यात पुरावा सोन्याच्या काट्यावर तोलला जातो, गुंजेची शंका आली तरी आरोपी सुटतो. भरपाईच्या दाव्यात कापसाचा काटा असतो, कुठली बाजू जड एवढं पुरतं. म्हणून चालक निर्दोष सुटला तरी दावा बुडत नाही. हे माहीत नसल्याने घरं गप्प बसतात.

तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा प्राथमिक अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. दाव्याला कायद्यात ६ महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा तेराव्यानंतर ‘बघू’ म्हणत वर्ष घालवू नये. चूक कुणाची हे सिद्ध न करता घ्यायची रक्कम कलम १६४ खाली ठरलेली आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. चालक दारू प्यालेला किंवा बिनपरवाना असला तरी बाहेरच्या माणसाची भरपाई अनेकदा विमा कंपनीला आधी द्यायला लावतात आणि ती मग मालकाकडून वसूल होते. गाडीला विमाच नसेल तर पुरेशी हमी ठेवल्याशिवाय ती कोर्टातून सुटत नाही.

उडवून पळालेली गाडी सापडलीच नाही तर? सरकारी योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे, वकील लागत नाही. सोबत फिर्यादीची प्रत, शवविच्छेदन अहवाल किंवा जखमेचा दाखला, वारसाची ओळख आणि बँक पासबुक. जखमीसाठी २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचाराची योजना आहे. दवाखान्यात अनामत मागितली तर आधी या योजनेचं नाव घ्यावं. आणि जखमीला उचलून नेणाऱ्याला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. कलम १३४-अ त्याच्यासाठीच आहे, नाव सांगायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर.